अंगठी हुकलेला नवरदेव

“मॅडम, आधी ह्याची उतरवा, मग बाकीचं बघू!”

असं म्हणत चार जणांनी एका फेटेवाल्या तरुणाला माझ्या ओपीडीतल्या बाकावर बसवलं. बसवलं म्हणजे ठेवलं. सोडल्याबरोबर तो डावीकडे कलला. एकानं खांद्यानं टेकू दिला. फेट्याचा तुरा कानावर आला होता, कपाळावर ओला नाम होता आणि नव्या कोऱ्या शर्टावर उलटीचे डाग होते. मागोमाग पन्नासेक माणसं आत शिरली. बायकांच्या हातात अजून ओटीचे नारळ होते. खोकल्याच्या औषधासाठी सकाळपासून ताटकळलेले माझे पेशंट एकदम ताजेतवाने झाले.

मी फिजिशियन. म्हणजे चाकू न चालवणारी डॉक्टर. ताप, शुगर, छाती, मेंदू असलं सगळं बघणारी. नव्वदच्या दशकात बारामतीत माझं दहा खाटांचं हॉस्पिटल होतं. बाई डॉक्टर म्हटलं की लोकांनी बाळंतपणाच्या हिशेबानंच यायचं, अशी तेव्हा पद्धत. मी बाळंतपणं करत नाही, म्हटलं की काही जण अगदी मनापासून विचारायचे, “बरं, मग डॉक्टर कधी येत्यात?” त्यामुळे माझा पारा जरा वरच असायचा. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात ह्या पाऱ्याचा हात आहे.

हकिकत अशी होती. तरुणाचं नाव दत्ता. गाव पिंपळी. एका दूध डेअरीत फॅट तपासायच्या कामावर. दोन गल्ल्या सोडून असलेल्या कार्यालयात त्याचा साखरपुडा चालला होता. मुलगी पळसदेवची, सुनंदा. अंगठी घालायची वेळ आली तेव्हा दत्तानं अंगठी उचलली आणि मुलीच्या बोटाऐवजी बोटाशेजारच्या हवेत घातली. लोक हसले. दुसऱ्यांदा ती पाटाखाली गेली. तिसऱ्यांदा भटजींच्या तांब्यात. चौथ्यांदा कशीबशी बोटाला लागली, पण भलत्याच. मग नवरदेव उठून उभे राहिले, जीभ जड झाल्यासारखं काहीतरी बोलले, दोन पावलं तिरकी टाकली, मांडवाचा खांब समजून व्याहीबुवांना मिठी मारली आणि होणाऱ्या सासूबाईंच्या नव्या साडीवर भडाभडा ओकले.

व्याहीबुवा म्हणजे सुनंदाचे वडील, तात्या. आता गंमत अशी, की ह्याच तात्यांनी पळसदेवात पुढाकार घेऊन दारूचं दुकान बंद पाडलं होतं. गावातल्या बायका त्यांना ओवाळायच्या बाकी होत्या. त्यांचा जावई भर साखरपुड्यात झुलत होता. तात्यांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा दिसत होता.

मी तपासायला घेतलं. ताप नाही. बीपी बरं. विचारलं की उत्तर बरोबर द्यायचा, पण शब्द लडखडत यायचे. मी म्हटलं, “शर्ट काढा.” तर तो लाजला. त्याची आई हिराबाई तर मध्येच आडवी आली. “नगं, नगं. बाईमाणसापुढं कसा काढील? वरनंच बघा की.” बाहेर पन्नास माणसं, आत आठ, तुंबलेली ओपीडी. मी म्हटलं, राहू दे. स्टेथोस्कोप शर्टावरूनच लावला. मग वाकून तोंडाचा वास घेतला. वास काही येईना.

“वास येत नाही,” मी म्हटलं.

“बघा,” हिराबाई म्हणाल्या. “म्या कवाधरनं सांगतीया, माझं पोरगं घेत न्हाय.”

मला खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण कुठंतरी वाचलं होतं की एका परदेशी दारूला वास नसतो. आपलं ज्ञान दाखवायची खाज मोठी वाईट. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “देशीला वास येतो. भारीतल्या काहींना येत नाही. सलाईन लावते. झोपू दे. सकाळी उतरलेली असेल.”

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं.

“झालं,” ते म्हणाले. “डॉक्टरनीच सांगितलं. आता दुसरं काय ऐकायचं? चला रं, जीप काढा.”

“तात्या, जरा दम धरा,” कोणीतरी म्हणालं.

“दम कशाचा? भारीतली पितंय म्हनं! म्हंजी म्या बंद पाडलेल्या दुकानाचं गिऱ्हाईकबी न्हाय!”

सुनंदानं जाताना एकदा वळून पाहिलं. मग सगळे गेले. दत्ताचे वडील आबा भिंतीला टेकून उभे होते. आबांच्या वडिलांपर्यंत घराण्यात मेंढरं होती, आता ऊस आणि चार गाई. हा माणूस त्या सगळ्या प्रकरणात माझ्यासमोर फक्त दोन शब्द बोलला. एक ‘व्हय’ आणि एक ‘न्हाय’.

मी सलाईन लावून घरी जेवायला गेले. चांगली दोन वाट्या आमटी प्याले. मनात काही खुपलंसुद्धा नाही.

सकाळी राउंडला गेले तर दत्ता कॉटवर बसून चहा प्यायचा प्रयत्न करत होता. डोकं साफ होतं. मला ओळखून नमस्कार केला. पण कप तोंडाकडे नेताना हात थरथरत भलतीकडेच जाई. चहा गालावर, उशीवर, आबांच्या धोतरावर. चालवून बघितलं तर पाय फाकवून, भिंत धरून, डुलत.

कितीही भारीतली असली तरी चोवीस तास उलटत आल्यावर इतकी राहत नाही. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

“माझ्या बोटाला बोट लाव. आता नाकाला. आता परत माझ्या बोटाला.”

ही आमची साधी परीक्षा. दत्ताचं बोट निघताना बरोबर निघे. जसजसं जवळ येई तसतसं थरथर वाढे आणि शेवटी नेम चुकून पुढं निघून जाई. अंगठीचं नेमकं हेच झालं होतं. मग मी डोळे बघितले. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं झटके देत परत येत. काल हे सगळं असणारच. काल मी बघितलंच नव्हतं.

हा त्रास लहान मेंदूचा. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली हा असतो. हातापायांना चालायचा हुकूम मोठा मेंदू देतो. किती जोरानं, कुठपर्यंत आणि कधी थांबायचं हे माप लहान मेंदू ठरवतो. बैल दमदार आहेत, पण कासरा सुटलाय, तशी गत. गाडी चालते, पण बांधावरून. दारू ह्याच लहान मेंदूवर बसते, म्हणून दारुड्या झुलतो. आणि म्हणूनच लहान मेंदूला दुसरं काहीही झालं तरी माणूस प्यालेला दिसतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

आता प्रश्न होता, झालंय काय? चोविशीतल्या माणसाला लहान मेंदूत गाठ असू शकते. रक्तस्राव असू शकतो. मेंदूज्वर असू शकतो. मी आईबापांना बसवून विचारलं.

“गेल्या महिन्याभरात आजारी होता?”

“न्हाय,” हिराबाई म्हणाल्या.

“ताप? सर्दी? अंगावर पुरळ?”

“न्हाय वो. ठणठणीत हुता.”

“आबा?”

“न्हाय.”

दत्ताकडे बघितलं. तो आईकडे बघत होता. “न्हाय,” तोही म्हणाला. तीन साक्षीदार, एक जबानी. आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

तेव्हा आम्हाला सीटी स्कॅन म्हणजे पुणं. जीप करून, मागच्या सीटवर गादी टाकून दत्ताला पाठवलं. दुसऱ्या दिवशी फिल्म घेऊन परत आले. उजेडाला धरून तीनदा बघितली. गाठ नाही, रक्त नाही. रिपोर्टवर लिहिलं होतं, नॉर्मल. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. नॉर्मल माणूस अजून भिंत धरूनच संडासला जात होता.

हे कोडं मी सोडवलं असं सांगायला मला फार आवडलं असतं. ते सोडवलं आमच्या शकुंतला सिस्टरनी. पन्नाशीच्या, जाडजूड, इंदापूर तालुक्यातल्या. त्या केबिनमध्ये आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, “मॅडम, रागवू नका. ती बाई पेशंटच्या उशीखाली कडुलिंबाचा डहाळा ठेवते. मी काढला तर पुन्हा ठेवला. फोडणीची आमटी आणली होती कुणीतरी, ती तिनं खोलीच्या बाहेरच ठेवायला लावली. काल इंजेक्शन द्यायला गेले तर सुईला आधी हात जोडले. आणि ते आबा तीन दिवस झाले, अनवाणी फिरतायत.”

“मग?”

“मग काय मॅडम! शर्ट काढा त्याचा.”

त्या आबांना चहाला घेऊन गेल्या. मी दत्ताला म्हटलं, “आता लाजलास तर मी फाडीन.” त्यानं निमूटपणे बटणं काढायला घेतली. बोटं हुकायला लागली, तशी मीच काढली. छातीवर, पोटावर, पाठीवर काळपट गोल खपल्या. काही गळून पडलेल्या, खाली गुलाबी खड्डे. फार नव्हत्या. चेहऱ्यावरच्या दोन-तीन मी मुरुम समजले होते. कांजिण्या. गावाकडच्या भाषेत देवी. दोन आठवड्यांपूर्वीच्या.

मी वळले. हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खालीच बसल्या.

“बोलू नये म्हंत्यात,” त्या म्हणाल्या. “देवी घरात असली का तिचं नाव घिऊ नये. औशीद दिऊ नये. म्या समदं पाळलं. फोडनी न्हाय का तळान न्हाय.”

“मग आता रडताय कशाला?”

“बोळवन न्हाय केली वो! पाच सवाष्नी जिवू घालून, दहीभाताचा निवद दावून देवीला लावून द्यायची असती. सवाष्नी बोलवल्या असत्या तर गावाला कळलं असतं. गावाला कळलं का पळसदेवाला. मग साखरपुडा मोडला असता, न्हायतर पुढं गेला असता. इतकं चांगलं स्थळ! म्या म्हनलं, आधी अंगठी हू दी, मग लावून दिऊ. तवर देवी घरात बसून, आन म्या दारात तोरान बांधलं. ती रागावली. आता ती माझ्या पोराला धरून हालवतीया.”

मला एकदम भयंकर लाज वाटली. ह्या बाईनं भीतीपोटी लपवलं होतं. मी कशापोटी दारूचा शिक्का मारला होता? घाईपोटी. तिच्या चुकीला निदान देव तरी होता.

मी जमिनीवरच तिच्यासमोर बसले आणि समजावून सांगितलं. कांजिण्या एका विषाणूमुळे होतात. बहुतेकांना ताप, खाज, खपल्या, संपलं. पण हजारो माणसांत एखाद्याला पुढं त्रास होतो. विषाणू तर निघून जातो, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची फौज चेकाळते आणि आपल्याच लहान मेंदूवर चालून जाते. मेंदूला थोडी सूज येते. कांजिण्या बऱ्या होत आल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, माणूस झुलायला लागतो. मुलांत जास्त दिसतं, मोठ्यांत क्वचित. आपण ज्यांना साधे आजार म्हणतो त्यांच्यात हे असं असतं. गालगुंड होऊन गेल्यावर एका कानानं ऐकू न येणारी मुलगी मी पाहिली आहे. साधा सर्दी-ताप येऊन गेल्यावर आठवड्यानं दोन्ही पाय गळालेला पैलवान पाहिला आहे. गोवरानंतर तर मेंदूला सूज येऊन लेकरं दगावतातसुद्धा. त्या मानानं दत्ताचं नशीब थोर. हा प्रकार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो.

“तुम्ही बोळवण केली असती तरी हे झालं असतं,” मी म्हटलं. “नाही केली म्हणून झालेलं नाही.”

हिराबाईंनी डोळे पुसले. “आता केली तर चालंल का?”

“मला पाठीतलं पाणी काढून तपासायचंय. मेंदूज्वर नाही ना, ते बघायला. ते करू द्या.”

“पाठीतलं पानी काढलं का मानूस लुळा व्हतो म्हंत्यात.”

“आधीच डुलतोय, अजून काय होणार आहे?”

हे बोलायला नको होतं, पण उपयोग झाला. सौदा ठरला. मी पाणी काढायचं, त्यांनी बोळवण करायची, आणि एकमेकींच्या कामात लुडबूड करायची नाही. पाणी काढलं. त्यात काळजी करण्यासारखं काही निघालं नाही. मंगळवारी पिंपळीत पाच सवाष्णी जेवल्या. सहाव्या शकुंतला सिस्टर. आठव्या दिवशी दत्ता भिंत सोडून चार पावलं चालला. ह्याचं श्रेय कोणाला गेलं, हे सांगायची गरज नाही.

आता राहिला माझा प्रश्न. औषधाचं काम निसर्ग करत होता, पण मोडलेलं लग्न निसर्ग जोडणार नव्हता. ते माझ्या एका वाक्यानं मोडलं होतं. दत्ता आडून आडून विचारायचा, “मॅडम, पळसदेवकडचं कुनी पेशंट येतं का हो तुमच्याकडं?” मला तोंड लपवावंसं वाटायचं.

रविवारी मी माझी गाडी काढली आणि पळसदेवला गेले. तात्यांचं घर पाण्यापासून लांब नाही. उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं होतं, त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस दिसत होता. तात्या अंगणात जाळं दुरुस्त करणाऱ्या कुणाशी तरी बोलत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं रीतसर. मी सगळं सांगितलं. खपल्या, लहान मेंदू, स्कॅन, पाठीतलं पाणी. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “त्या दिशी तुमी म्हनला पिलाय. आज तुमीच म्हनताय पिला न्हवता. आता म्या कंच्या मॅडमचं ऐकू?”

मी पर्समधून रिपोर्ट काढला. तात्यांनी तो हातात घेतला नाही.

“तवा समद्यांम्होरं म्हनला. आज एकट्याला सांगाया आला. पिंपळीवाल्यांनी तुमच्या हातापाया पडून पाठवलं नसंल कशावरनं?”

सुनंदा चहा घेऊन आली होती. ती शिवणाचा क्लास चालवायची. बोलायला धीट. ती म्हणाली, “तात्या, हितं बसून काय कळनार? जाऊन बघा की.”

“मला काय कळनार बघून? मी कधी थेंब घेतला न्हाय.”

“मग ज्याला कळतं त्याला न्या.”

तात्यांनी तिच्याकडे बघितलं, मग जाळंवाल्याकडे. “भिवा,” ते म्हणाले, “उद्या बारामतीला यायचंय.”

भिवा म्हणजे गावचा जाणकार. पंधरा वर्षं अखंड प्यालेला, तीन वर्षांपूर्वी तात्यांनीच सोडवलेला. मी एमडी. माझं निदान तपासायला तो येणार होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

सोमवारी अकराच्या सुमाराला ते तिघं आले. तात्या, सुनंदा आणि भिवा. भिवा धुतलेला सदरा घालून, केस चापून आला होता. ‘माझ्या मागून कोणी बोलू नका’ असा त्याचा नूर होता. व्हरांड्यात पेशंट, नातेवाईक, सिस्टर सगळे भिंतीला लागून उभे राहिले.

“चाल,” भिवानं दत्ताला फर्मावलं. “त्या टाकीपत्तूर जा आन माघारी ये.”

दत्ता निघाला. अजून पाय फाकलेले, हात बाजूला पसरलेले. भिवा उकिडवा बसून त्याच्या पावलांकडे बघत होता. मग उठला आणि दत्ताच्या मानेमागचा घाम हुंगला. “तोंडाचा वास चूळ भरून जातो,” त्यानं मला समजावलं. “घामाचा जात न्हाय.” हे मला ठाऊक नव्हतं. मग त्यानं माठातून काठोकाठ भरून गिलास घेतला आणि दत्ताच्या हातात दिला.

“आता हे घिऊन चाल.”

चार पावलांत गिलास रिकामा झाला. पाणी दत्ताच्या पायजम्यावर, फरशीवर, तात्यांच्या वहाणांवर. दत्ता कानापर्यंत लाल झाला. हिराबाईंनी डोळे मिटून घेतले.

भिवा तात्यांकडे वळला. “तात्या, ह्यो पिलेला न्हाय.”

“कशावरनं?”

“पिलेला मानूस समदं सांडंल. सोता सांडंल. पर गिलास सांडायचा न्हाय.”

व्हरांडाभर हसू फुटलं. भिवा हसला नाही. तो म्हणाला, “आन दुसरं. म्या पंदरा वर्सं झुललो. पिलेल्याला पडायचं भ्या नसतं. गटारात पडला तरी त्याला गादीच. ह्यो बघा, परतेक पाऊल टाकताना भितोय. ह्येला पडायचं न्हाय. पिलेल्याचा चेहरा असा नसतो, तात्या.”

मेंदूविकारांची जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. त्यात हे वाक्य नाही. असायला हवं. मी भिवाला खुर्ची दिली.

तात्यांनी ओल्या वहाणा झटकल्या. “मग झालं काय ह्येला?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिराबाई पुढं आल्या.

“देवी आल्या हुत्या,” त्या म्हणाल्या. “म्या लपवलं. बोळवन न करताच साखरपुडा केला. चूक माझी हाय. पोराला काय बोलू नगा.”

“देवी घरात असताना तुमी माझ्या पोरीला कुकू लावलं?” तात्यांचा आवाज चढला. “आबा, तुमाला म्हाईत हुतं?”

“व्हय,” आबा म्हणाले.

तात्या माझ्याकडे वळले. “हिला लागन झाली असंल तर?”

“खपल्या धरल्यावर लागण होत नाही. तिला लहानपणी होऊन गेल्यात का?”

“चौथीत,” सुनंदा म्हणाली. मग मलाच विचारलं, “ह्यांचा हात पयल्यासारखा व्हईल?”

“बहुतेक होईल. अजून दोन-तीन आठवडे लागतील.” दहा-बारा दिवसांपूर्वी मी ह्याच जागी फार खात्रीनं बोलले होते, म्हणून पुढं म्हटलं, “शंभर टक्के सांगत नाही.”

तिनं मान डोलावली. मग वडिलांना म्हणाली, “तात्या, त्या दिवशी समदे हसत हुते. अंगठी तीन येळा पडली. ह्यांनी तिन्ही येळा उचलली. हात वाकडा जात हुता तरी सोडली न्हाय. मी जवळनं बघत हुते. मला तवाच वाटलं, पिलेला मानूस असा करत न्हाय.”

“मग तवाच का न्हाय बोललीस?”

“डॉक्टर बोलल्या हुत्या की,” ती म्हणाली.

मी केसपेपर नीट करत बसले. सुनंदा हिराबाईंकडे वळली. “आत्या, एक सांगते. हितनं पुढं मला आधी सांगायचं. देवी असूंद्या न्हायतर दुसरं काय. मला काय वाटंल ते माझं मी बघीन.” हिराबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

तात्यांचं अजून संपलं नव्हतं. “लगीन व्हईल,” ते म्हणाले. “पर एक अट हाय. अट मॅडमना.”

“मला?”

“तुमी पन्नास मानसांम्होरं बोलला. ती पन्नास मानसं दोन तालुक्यांत बोलली. मी आता कुनाकुनाला लहान मेंदू समजावू? लग्नात यायचं. मंगलाष्टकांच्या आधी मानपान, भाषनं व्हत्यात. तवा माईकवर सांगायचं, नवरदेव पिला न्हवता.”

“तात्या, मी हे असं माईकवर...”

“मग लेखी द्या. मी पळसदेवात पानपट्टीवर चिकटवतो.”

मी माईक पत्करला.

तीन आठवड्यांनी दत्तानं माझ्या बोटाला बोट अचूक लावलं. दहाच्या दहा वेळा. सरळ रेषेत, टाच-अंगठा जोडून व्हरांडाभर चालला. महिन्यानं डेअरीत रुजू झाला. काचेच्या बारीक नळीनं दूध मोजायचं त्याचं काम. पहिल्याच दिवशी एकही नळी फुटली नाही, असा निरोप आला.

लग्न वैशाखात झालं, पळसदेवला. मांडवात हजार-बाराशे माणसं. माझ्या आधी एका पुढाऱ्यांनी उसाच्या रिकव्हरीवर, म्हणजे टनामागं साखर किती निघते ह्यावर, वीस मिनिटं भाषण केलं. मग निवेदकानं पुकारलं, “आता बारामतीच्या डॉक्टर मॅडम दोन शब्द बोलतील.” मी आयुष्यात मेडिकल कॉन्फरन्स सोडून माईक धरला नव्हता. समोर पहिल्या रांगेत तात्या हात बांधून बसले होते. मी लिहून आणलेला कागद पर्समध्येच ठेवला.

“साखरपुड्याच्या दिवशी मी म्हटलं होतं की नवरदेव पिऊन आलाय,” मी म्हटलं. “ते खोटं होतं. त्याला कांजिण्यांनंतर मेंदूला सूज आली होती. तो कधीच पीत नाही. मी नीट तपासलं नव्हतं. चूक माझी होती.”

मग भिवानं मागून टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. निवेदक मोठा हुशार. तो ओरडला, “मॅडमनी जाहीर केलंय, आपला नवरदेव संपूर्ण निर्व्यसनी हाय!” पुन्हा टाळ्या. तात्या उठले आणि माझ्या हातात नारळ दिला. मी मांडवातून बाहेर पडेपर्यंत तीन मुलींच्या बापांनी मला गाठून, आमच्याही जावयाला एकदा तपासाल का, असं विचारलं.

तेव्हापासून शर्ट काढल्याशिवाय मी पेशंटला हात लावत नाही, आणि घरातल्या बाईला वेगळं बसवून विचारते, महिन्याभरात देवी-बिवी काही? पण खरा धडा दुसराच आहे. निदान हळू आवाजात सांगावं. चुकलं तर तेवढ्याच हळू आवाजात परत घेता येतं. मोठ्यानं सांगितलं की माईक लागतो.